हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी, दीड वर्ष वापरल्यावर : मशीनला चार, बसवणाऱ्या दादांना पाच, रिमोटला एक

आधीच सांगते, लांब झालंय. एसी घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते जवळजवळ सगळे बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले होते, मस्त गार करतो, डिलिव्हरी वेळेत आली, पाच स्टार. अहो दुसऱ्या दिवशी कुठलाही एसी मस्तच गार करतो. म्हणून मी मुद्दाम थांबले. दोन उन्हाळे आणि मधली एक अख्खी थंडी काढली आणि आता लिहितेय. कंपनीचं नाव देत नाहीये, कारण अशी दीड टनाची, आर-३२ गॅसवाली, गार आणि गरम दोन्ही करणारी स्प्लिट मशीनं सगळ्याच कंपन्यांकडे आहेत आणि माझा अर्धा रिव्ह्यू मशीनचा नाहीचे, ते बसवणाऱ्याचा आहे.

जुन्या एसीपासून सुरुवात करावी लागेल. बारा वर्षांचा होता, दीड टनच, साधा म्हणजे इन्व्हर्टर नसलेला (इन्व्हर्टर खोली गार झाली की वेग कमी करून चालत राहतो, साधा नुसता बंद-चालू होतो), आर-२२ गॅसचा. त्याचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट एका सर्व्हिसवाल्यांकडे होतं. दर उन्हाळ्याच्या तोंडावर दोन मुलं यायची, फिल्टर नळाखाली धरायची, गेज म्हणजे गॅसचा दाब दाखवणारं मीटर लावायची आणि म्हणायची मॅडम गॅस कमी झालाय. भरा. पुढच्या वर्षी परत, मॅडम गॅस कमी झालाय. असं सलग तीन वर्षं झालं आणि मी बावळटासारखे पैसे देत गेले, कारण मला वाटायचं गाडीला पेट्रोल लागतं तसा एसीला गॅस लागतो. तिसऱ्या वर्षी गॅस भरल्यावर महिन्याभरातच नुसता वारा यायला लागला तेव्हा डोकं फिरलं आणि ऑफिसातल्या एकीने तिच्या मेकॅनिकचा नंबर दिला. हेच ते दादा.

दादा आले आणि गेज बॅगेतून बाहेरच काढेनात. टॉर्च घेतली, आउटडोअरच्या म्हणजे बाहेरच्या युनिटच्या मागे जिथे कॉपरचे पाइप नटांनी जोडलेले असतात तिथे वाकून बघत बसले. मला बोलावलं, "ताई, हे बघा." एका फ्लेअर नटभोवती तेलकट डाग होता आणि त्यावर धूळ चिकटून काळी कडी झालेली. मग साबणाचा फेस ब्रशने लावला. मिनिटभर काहीच नाही, आणि मग नटाच्या कडेला एक बुडबुडा, मोहरीएवढा, हळूहळू वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. परत दुसरा. "गॅस खर्च होत नाही ताई. बंद पाइपात गोल गोल फिरतो फक्त. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेलाय, आणि गेलाय तर आधी ते भोक बुजवायचं, मग भरायचा." तीन वर्षं दर वेळी दोन माणसं त्या नटापासून एका हातावर उभी राहून गॅस भरून गेली होती. मला रागापेक्षा लाजच जास्त वाटली.

आणि तो आर-२२ हवेत जाणं म्हणजे काही साधी गोष्ट नाहीये. ओझोनच्या थराला तो मारक, म्हणून तर १९८७च्या माँट्रियल करारापासून या जातीचे गॅस टप्प्याटप्प्याने बंद करत आणलेत, आणि पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट आहे. नव्या मशीनचा आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, तापवण्यात मात्र तोही ६७५ पट आहेच, त्यामुळे लगेच पाठ थोपटून घेण्यासारखं काही नाही, गळती झाली की तोही तिकडेच जाणार.

तर त्या दिवशी दादांनी तो नट काढून पाइपचं तोंड नव्याने फ्लेअर करून, म्हणजे कर्ण्यासारखं पसरवून, जोडलं, आउटडोअर उघडून कॅपॅसिटर, म्हणजे कंप्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा भाग, मीटरवर लावला. त्यावर ४५ मायक्रोफॅरड छापलेलं आणि मीटर दाखवतोय ३१. कंप्रेसर सुरू होताना ते जे घुंऽऽ करून दिवे मंद व्हायचे ते यामुळे होतं, आणि मी आपली वायरिंगला दोष देत होते. मग इनडोअरला प्लास्टिकची पिशवी बांधून पाण्याच्या जेटने धुतला. फिल्टर आम्ही घरी धुवायचो पण आत तो लांबट पंखा असतो ना, ब्लोअर, त्याच्या पात्यांच्या खाचा अक्षरशः भरलेल्या होत्या. पिशवीतून बादलीत जे पाणी आलं ते पावसाळ्यातल्या गटारासारखं, आणि इतकी वर्षं एसी लावला की पहिली दहा मिनिटं ओल्या पायपुसण्यासारखा कुबट वास यायचा तो त्या दिवसानंतर गेला. आम्ही वर्षानुवर्षं ती घाण नाकात घेत होतो, चला, जाऊदे.

त्या दुरुस्तीवर एक उन्हाळा निघाला. मग इनडोअरच्या कॉइललाच बारीक भोकं पडायला लागली आणि दादा स्वतःच म्हणाले की आता यात पैसे घालू नका. कॉइल बदलायला लावून चांगले पैसे काढता आले असते त्यांना.

आता नवीन घेण्याचा भाग. मी दुकानात जायच्या तयारीत आणि दादा म्हणतात आधी खिडक्या बघू. एक पातळ कागदाची पट्टी घेऊन पंखा बंद करून खिडकीच्या फटीजवळ धरली तर पट्टी फडफडायला लागली. "इथून गार हवा पळणार आणि हिवाळ्यात गरम. मशीन कितीही मोठी घ्या." मग सरकत्या खिडक्यांच्या ब्रशपट्ट्या बदलल्या, दाराखाली रबर लावलं, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदे. सगळं मिळून एक दुपार गेली. हे काम इतकं कंटाळवाणं आहे की त्याच्यावर कोणी रिव्ह्यू लिहीत नाही, पण तुमच्याकडे एसी घ्यायला पैसे आणि वेळ दोन्ही कमी असतील तर आधी हेच करा.

दुकानात सेल्समन दोन टनाच्या मागे लागलेला. मोठा घ्या मॅडम, लवकर गार होईल. इथे टन म्हणजे काय ते सांगते, मला स्वतःला चाळीशीत कळलं. टन म्हणजे मशीनचं वजन नाही. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढी उष्णता काढण्याची ताकद, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. खोलीच्या गरजेपेक्षा मोठी मशीन घेतली तर खोली झटकन गार होते, मशीन थांबते, परत लागते, परत थांबते, आणि हवेतली ओल काढायला तिला वेळच मिळत नाही. मग २३ वर ठेवूनही अंग चिकचिक, म्हणून आपण २० करतो. गंमत म्हणजे १९०२ साली विलिस कॅरियरने जे पहिलं यंत्र आखलं ते माणसांना गार वाटावं म्हणून नव्हतंच, ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत, म्हणून ओल काढायला होतं. दादांनी खोलीची लांबी-रुंदी, वर स्लॅब आहे का दुसरं घर, ऊन कुठून येतं, माणसं किती, एवढं विचारून दीड टन सांगितला. इन्व्हर्टर वेग कमी करून हळू चालतो त्यामुळे तो गरजेपेक्षा थोडा मोठा घेतला तरी चालतं, पण दुप्पट नाही. सेल्समनचं तोंड पडलं. चालायचंच.

बसवणं. कंपनीचा माणूस फुकट बसवून देणार होता पण मला दादांकडूनच हवं होतं, म्हणून कंपनीला आधी विचारलं की बाहेरच्याने बसवलं तर वॉरंटी राहते का, आणि राहते असं ईमेलवर लेखी घेतलं. तुमच्या कंपनीचा नियम वेगळा असू शकतो, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

साडेतीन तास लागले. शेजारच्यांचा पाऊण तासात बसला होता, त्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं दादा म्हातारे झालेत. जुने पाइप भिंतीतून काढूच नका असं मी म्हणत होते, तेच वापरा, कशाला तोडफोड, तर ठाम नाही म्हणाले. आर-३२चं प्रेशर आर-२२पेक्षा बरंच जास्त, जुने पाइप पातळ, शिवाय जुन्या कंप्रेसरचं तेल वेगळ्या जातीचं आणि ते पाइपाच्या आत राहिलेलं असतं. नवीन पाइप ओढले, दोन्हीला वेगवेगळं इन्सुलेशन, फ्लेअर नट टॉर्क पान्याने घट्ट केले, अंदाजाने जोर लावून नाही.

आणि मग व्हॅक्यूम. हाच माझ्या मते अख्ख्या कामाचा जीव आहे आणि हेच लोक गाळतात. पाइपात जी साधी हवा आणि ओल असते ती पंपाने ओढून काढायची. काही जण काय करतात, आउटडोअरचा थोडा गॅस सोडून त्याच्या फुंकरीने हवा बाहेर ढकलतात, दोन मिनिटांचं काम, झालं. ओल मात्र आतच. नव्या गॅसबरोबर जे तेल असतं ते ओल पितं, त्याचं ॲसिड होतं आणि कंप्रेसर दोन-तीन वर्षांनी जातो, तोपर्यंत बसवणारा कुठे आणि तुम्ही कुठे. दादांनी पंप लावून छोटा डिजिटल गेज जोडला. आधी आकडा भराभर खाली, मग दोन हजार मायक्रॉनवर (व्हॅक्यूम मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं चांगलं) येऊन रेंगाळला. "आता ओल निघतेय. हवा पटकन जाते, पाणी त्रास देतं." इतक्या कमी दाबाला पाणी घरातल्या साध्या तापमानालाही उकळून वाफ होतं म्हणे. मी स्टूल घेऊन बघतच बसले. हजार, आठशे, सहाशे, ४८०. मग पंप बंद करून पंधरा मिनिटं नुसते थांबले. आकडा ५६० पर्यंत चढला आणि तिथेच राहिला. "चढतच गेला असता तर गळती." तेव्हा कुठे आउटडोअरचे व्हॉल्व्ह उघडले. पाइप कंपनीने धरलेल्या लांबीपेक्षा दोन मीटर जास्त होता म्हणून वरचा गॅस मीटरमागे किती ग्रॅम ते पुस्तिकेत बघून वजनकाट्यावर मोजून घातला. ग्रॅममध्ये! आमच्या जुन्या मुलांनी तीन वर्षं हाताने पाइप चाचपून गॅस भरला होता.

चालवल्यावर थर्मामीटर लावून दाखवलं, आत ओढली जाणारी हवा २९, बाहेर येणारी १७. म्हणाले हा आकडा लिहून ठेवा, पुढच्या वर्षी याच्याशी ताडून बघू. ठेवलाय, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून.

आता मशीन कसं आहे. गार करण्यात तक्रार नाही. मी त्या लाइनवर छोटा एनर्जी मीटर बसवून घेतलाय, मला तो नादच आहे. सुरुवातीला पंधराशे वॉटच्या आसपास खेचतो, खोली २६ला आली की चारशे-साडेचारशेवर येऊन गप चालत राहतो. जुना चालू असला की पूर्ण ताकदीने, नाहीतर बंद. रात्री तो ठाक करून सुरू व्हायचा आणि माझी झोप मोडायची, आता तो प्रकार नाही. २६ आणि पंखा एकवर, घरात आता यावर भांडण होत नाही, हे सगळ्यात मोठं यश.

खरी मजा थंडीत. आमच्याकडे आधी सळईवाला हीटर होता, दोन हजार वॉटचा. त्यात जेवढी वीज तेवढीच उष्णता, एकास एक, त्याच्यापलीकडे काही होऊच शकत नाही. हा एसी गरम करताना उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या थंड हवेत जी काही उष्णता असते ती ओढून आत आणतो, म्हणजे उन्हाळ्यात करतो तेच उलट्या दिशेने, आत एक व्हॉल्व्ह आहे तो फक्त दिशा बदलतो. त्यामुळे एका युनिटमागे तीनेक युनिटची उष्णता मिळते, बाहेर बेताची थंडी असेल तर. थंडी वाढली की हे कमी होत जातं. आमच्या मीटरवर खोली एकदा ऊबदार झाली की सहाशे-सातशे वॉट. हीटर माळ्यावर गेला तो गेलाच.

पण पहिल्या कडक थंडीच्या सकाळी जे झालं ते सांगायलाच हवं कारण पुस्तिकेत ते दोन ओळींत उरकलंय. मी आंघोळीला, आणि बाहेरून सासूबाईंची हाक, "अगं लवकर ये, जळतंय ते!" ओल्या केसांनी पळत आले तर गॅलरीतल्या आउटडोअरमधून पांढरे लोट निघतायत, आतला पंखा बंद, गरम वारा बंद, आणि सासूबाईंनी एमसीबी पाडलेला. दादांना फोन लावला तर ते हसतच सुटले. बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळवायला मशीन काही मिनिटं स्वतःच उलटी फिरते आणि गरम गॅस बाहेर पाठवते, तेव्हा आतला पंखा मुद्दाम थांबतो, नाहीतर आपल्या अंगावर गार वारा येईल. तो धूर नव्हता, वाफ होती. मी म्हटलं आई, ती वाफ आहे हो. त्या म्हणाल्या, "वाफ असो नाहीतर काही असो, मला सांगायला काय झालं होतं?" बरोबर आहे त्यांचं. बसवणाऱ्याने सांगायला हवं होतं. दादांचा अर्धा स्टार इथे कापायचा होता पण कापवत नाही.

तो वितळलेला बर्फ म्हणजे पाणी, आणि ते खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. मग कळलं की खोक्यात एक प्लास्टिकचा कोपरा येतो, आउटडोअरच्या तळाशी लावून त्याला पाइप जोडायचा. फक्त गार करणाऱ्या मशीनला याची गरज पडत नाही म्हणून बरेच बसवणारे तो पाकिटासकट टाकून देतात. आमचा खोक्यात मिळाला कारण सासूबाई खोकी टाकत नाहीत.

आणखी एक, गरम करताना वाऱ्याची पट्टी खाली वळवा आणि गार करताना आडवी ठेवा. गरम हवा वर जाते आणि मशीन आधीच वर, पट्टी आडवी ठेवलीत तर छताला ऊब आणि पाय गार. आम्ही पहिले चार दिवस छत तापवत होतो.

आता शिव्या. रिमोट. अक्षरं एवढी बारीक की चष्म्यावर चष्मा लावावा, गार-गरम बदलायचं बटण आणि पंख्याचं बटण शेजारी शेजारी सारख्याच आकाराची, अंधारात दर वेळी चुकतं. वीज गेली आणि आली की कधी जुनं सेटिंग लक्षात राहतं, कधी आपोआप ऑटोवर जातं, कशावर अवलंबून आहे ते मला दीड वर्षात कळलेलं नाही. प्रत्येक बटणाला पीं, बंद करता येत नाही. मोबाइलचं ॲप दोन महिने वापरलं, दर अपडेटला परत लॉगिन, सोडून दिलं. सेल्फ क्लीनचं बटण जाहिरातीत मोठं दाखवतात, त्यात कॉइलवर बर्फ धरून वितळवतात आणि त्या पाण्याबरोबर थोडी धूळ जाते, ठीक आहे, पण ब्लोअरची घाण त्याने जात नाही, तो जेट लागतोच.

आठव्या महिन्यात एक दिवस लाइट ब्लिंक व्हायला लागला आणि मशीन बंद. कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटांत निदान, पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला मॅडम, मागवावा लागेल, दहा दिवस. वॉरंटीत होता म्हणून मला काही पडणार नव्हतं, पण दहा दिवस कोण थांबणार, मी दादांना बोलावलं. आतल्या आणि बाहेरच्या युनिटमध्ये जी बोलायची वायर असते ती बाहेरच्या टर्मिनलला सैल झाली होती. स्क्रू आवळला, चालू. तो स्क्रू आवळला कोणी नव्हता ते मी दादांना विचारलं नाही, त्यांनी पण सांगितलं नाही. पण यावरून आठवलं, वॉरंटी वाचताना कंप्रेसरचा मोठ्ठा आकडा बघून खूश होऊ नका, पीसीबी, कॉइल आणि गॅस यांचे आकडे वेगळे आणि बारीक अक्षरात असतात, दुरुस्तीत तेच जास्त येतात.

देखभालीचं म्हणाल तर मी फार काही करत नाही. वापर जोरात असला की पंधरा दिवसांनी फिल्टर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवते, उन्हात ठेवला तर वाकडा होतो, केलाय एकदा. सीझनच्या आधी ड्रेनच्या ट्रेमध्ये मगभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का बघते, कारण इनडोअरमधून भिंतीवर पाणी गळतं ते बहुतेक वेळा त्या पाइपात शेवाळ बसल्यामुळे. आउटडोअरसमोर सामान ठेवू देत नाही, त्यावरून घरात बोलणी खाते. आणि वर्षातून एकदा दादांचा जेट, तेव्हा कपाटातला कागद काढून आकडे ताडून बघतो. यंदा आत २८, बाहेर १६. गॅसला हात लावला नाही, गेजसुद्धा नाही. उगाच दर वर्षी गेज लावलं की तेवढा थोडा थोडा गॅस जातोच, असं त्यांचं म्हणणं.

तर मशीनला चार, एक कापला तो बीपसाठी आणि त्या ऑटोच्या भानगडीसाठी. दादांना पाच. त्यांच्याबद्दल तक्रार एकच, सीझनमध्ये फोन उचलत नाहीत. आउटडोअरच्या ब्रॅकेटचा एक नट सैल होऊन रात्री खडखडतोय म्हणून कळवलं, "उद्या येतो ताई" म्हणाले, त्याला आज चौथा दिवस. मधल्या वेळात सासूबाईंनी तिथे त्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातलाय.